इरॅस्मस प्लस सहकार्य प्रकल्प : वंचित विद्यार्थ्यांसाठी काम करणाऱ्या संस्थांनी अर्ज कसा करावा

इरॅस्मस प्लस म्हटले की आपल्याकडे बहुतेकांना युरोपात उच्च शिक्षण घेण्यासाठी मिळणारी शिष्यवृत्ती आठवते. युरोपीय संघाच्या याच कार्यक्रमातून शाळा, व्यवसाय प्रशिक्षण केंद्रे, प्रौढ शिक्षण देणाऱ्या संस्था आणि युवक संघटना यांना एकत्र येऊन अध्यापन सुधारण्यासाठीही अनुदान मिळते, याची माहिती मात्र फारच कमी लोकांना असते. २०२१ ते २०२७ या सात वर्षांसाठी या कार्यक्रमाला सुमारे २६.२ अब्ज युरोंची तरतूद आहे. त्याच्या दुसऱ्या विभागात, म्हणजे संस्थांमधील सहकार्याच्या विभागात, ‘कोऑपरेशन पार्टनरशिप’ आणि ‘स्मॉल-स्केल पार्टनरशिप’ हे दोन प्रकार येतात. पहिल्याचा सांकेतिक क्रमांक केए२२० आणि दुसऱ्याचा केए२१० असा आहे. या दोन प्रकारांची पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाची पद्धत येथे दिली आहे. आपल्या शाळेतील शिक्षकांना परदेशी प्रशिक्षणाला पाठवणे एवढाच हेतू असेल, तर त्यासाठी याच कार्यक्रमाचा पहिला विभाग आहे आणि तेथील अर्ज वेगळा असतो, हे मात्र आधीच लक्षात घ्यावे.

दोन प्रकारांतील फरक

मोठ्या भागीदारीसाठी, म्हणजे केए२२० साठी, अनुदानाच्या तीन ठरीव रकमा आहेत : १,२०,००० युरो, २,५०,००० युरो आणि ४,००,००० युरो. प्रकल्पाचा कालावधी १२ ते ३६ महिन्यांचा असतो आणि कमीत कमी तीन वेगवेगळ्या पात्र देशांतील तीन संस्था एकत्र याव्या लागतात. लहान भागीदारीसाठी, म्हणजे केए२१० साठी, रक्कम ३०,००० किंवा ६०,००० युरो, कालावधी ६ ते २४ महिने आणि किमान दोन देशांतील दोन संस्था पुरेशा असतात. लहान भागीदारी उच्च शिक्षणासाठी उपलब्ध नाही. ती शालेय शिक्षण, व्यवसाय शिक्षण, प्रौढ शिक्षण, युवककार्य आणि क्रीडा या क्षेत्रांसाठी आहे. ज्या संस्थेने यापूर्वी युरोपीय निधीचे काम केलेले नाही तिने लहान भागीदारीपासूनच सुरुवात करावी, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. नवख्या आणि लहान संस्थांना सामावून घेण्यासाठीच २०२१ मध्ये हा प्रकार सुरू झाला. त्याचा अर्ज तुलनेने आटोपशीर आहे, आणि त्यातून मिळणारा अनुभव पुढच्या मोठ्या अर्जात प्रत्यक्ष उपयोगी पडतो.

अर्ज कोण करू शकते

युरोपीय संघाच्या २७ सदस्य देशांपैकी एकात, किंवा कार्यक्रमाशी संलग्न असलेल्या आइसलँड, लिक्टेनस्टाइन, नॉर्वे, तुर्किये, सर्बिया आणि उत्तर मॅसिडोनिया यांपैकी एका देशात नोंदणी झालेली कोणतीही सार्वजनिक अथवा खासगी संस्था अर्जदार होऊ शकते. तीत शाळा, महाविद्यालय, नगरपालिका, ग्रंथालय, संग्रहालय, सामाजिक संस्था, शिक्षक संघटना किंवा एखादा उद्योगही येऊ शकतो. व्यक्तीला स्वतःच्या नावाने अर्ज करता येत नाही. याच नियमानुसार जर्मनी किंवा नेदरलँड्समध्ये रीतसर नोंदणी असलेल्या आणि मुलांचे मराठी वर्ग चालवणाऱ्या मंडळालाही, घरी एक भाषा आणि शाळेत दुसरी बोलणाऱ्या मुलांच्या शिक्षणासारख्या विषयावर, दुसऱ्या देशातील शाळेच्या जोडीने अर्ज करण्याचा मार्ग खुला आहे.

सहभागी संस्थांपैकी एक संस्था समन्वयक म्हणून सर्वांच्या वतीने अर्ज भरते. उच्च शिक्षण संस्था पात्र देशातील असेल, तर तिच्याकडे उच्च शिक्षणासाठीची इरॅस्मस सनद असणे बंधनकारक आहे. अनुदानात वाटा न घेता एखाद्या कामात मदत करणाऱ्या संस्थांना सहयोगी भागीदार म्हणून दाखवता येते, पण किमान संख्येच्या अटीसाठी त्यांची मोजणी होत नाही.

‘वंचित विद्यार्थी’ म्हणजे नेमके कोण

अर्जाचा खरा कस येथे लागतो. प्रत्येक प्रकल्पाने कार्यक्रमाच्या ठरवून दिलेल्या प्राधान्यक्रमांपैकी किमान एकाला थेट हात घालावा लागतो. समावेशन आणि विविधता, डिजिटल परिवर्तन, पर्यावरण व हवामान बदलाविरुद्धचे काम, आणि लोकशाही जीवनातील सहभाग ही चार प्राधान्ये सर्व क्षेत्रांना सारखीच लागू आहेत. त्याशिवाय प्रत्येक क्षेत्राची स्वतःची प्राधान्ये असतात. शालेय शिक्षणाच्या यादीत अध्ययनातील मागासलेपण, शाळागळती व मूलभूत कौशल्यांतील कच्चेपणा यांवर उपाय करणे, तसेच शिक्षक व मुख्याध्यापकांना पाठबळ देणे यांचा समावेश आहे.

या प्राधान्यांमागे युरोपची स्वतःची चिंता आहे. वाचन, गणित आणि विज्ञान यांत किमान पातळी न गाठणाऱ्या १५ वर्षे वयाच्या मुलांचे प्रमाण २०३० पर्यंत १५ टक्क्यांच्या खाली आणण्याचे उद्दिष्ट सदस्य देशांनी २०२१ मध्ये स्वीकारले. प्रत्यक्षात १५ वर्षे वयाच्या मुलांसाठीच्या ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय चाचणीत २०२२ मध्ये युरोपीय संघातील सुमारे ३० टक्के मुले गणितात ती पातळी गाठू शकली नाहीत. शिक्षण अर्धवट सोडणाऱ्या १८ ते २४ वयोगटातील तरुणांचे प्रमाण ९ टक्क्यांच्या खाली आणणे हे दुसरे उद्दिष्ट आहे. अर्जात अशा आकड्यांचा उल्लेख करणे सोपे असते, पण तेवढ्याने गुण मिळत नाहीत. परीक्षकाला पाहायचे असते ते आपल्या शाळेतील, आपल्या वस्तीतील मूल.

इरॅस्मस प्लसच्या समावेशन धोरणात अडथळ्यांचे आठ प्रकार मानले आहेत : अपंगत्व, आरोग्याच्या समस्या, शिक्षणव्यवस्थेतूनच निर्माण होणारे अडथळे, सांस्कृतिक भिन्नता, सामाजिक अडथळे, आर्थिक अडथळे, भेदभाव आणि भौगोलिक दुर्गमता. आपले विद्यार्थी यांपैकी कोणत्या अडथळ्याला तोंड देत आहेत, हे ओळखून तसे स्पष्ट लिहावे. ‘आमचा प्रकल्प सर्व वंचित घटकांसाठी आहे’ असे लिहिणारा अर्ज कोणासाठीच नसल्यासारखा वाचला जातो. याउलट, नुकत्याच स्थलांतर करून आलेल्या आणि शाळेची भाषा न येणाऱ्या मुलांना गणिताच्या शाब्दिक उदाहरणांत अडचण येते, त्यांच्या शिक्षकांना त्यासाठी प्रशिक्षण मिळालेले नाही, आणि भागीदार देशातील एका शाळेने यावर काही वर्षे काम केले आहे, असे मांडले तर गरज, उपाय आणि सहकार्याचे कारण या तिन्ही गोष्टी एका परिच्छेदात स्पष्ट होतात. अशी मांडणी करायची तर अर्ज लिहिण्यापूर्वी शिक्षकांशी, पालकांशी आणि शक्य असल्यास मुलांशी बोलावे लागते. अर्ज लिहून देणाऱ्या बाहेरच्या सल्लागाराला हे काम सोपवू नये. ही माहिती त्याच्याकडे नसते.

नोंदणी आणि भागीदाराचा शोध

अर्जापूर्वी संस्थेच्या प्रतिनिधीने ‘ईयू लॉगिन’ खाते उघडावे आणि त्यानंतर कार्यक्रमाच्या संस्था नोंदणी प्रणालीत संस्थेची माहिती भरून ओआयडी हा ओळख क्रमांक घ्यावा. हा क्रमांक प्रत्येक भागीदार संस्थेचा लागतो. संस्थेने पूर्वी असा क्रमांक घेतला असल्यास नवा घेऊ नये, जुनाच शोधून वापरावा, कारण एकाच संस्थेचे दोन क्रमांक पुढे पडताळणीत अडचण निर्माण करतात. शालेय क्षेत्रातील संस्थांना भागीदार शोधण्यासाठी ‘ई-ट्विनिंग’ हा २००५ पासून चालू असलेला शिक्षकांचा मंच उत्तम आहे; तेथे आधी एखादा छोटा ऑनलाइन उपक्रम एकत्र केला तर भागीदाराची कामाची पद्धतही कळते.

अर्जातील मुख्य भाग आणि रकमेची निवड

अनुदान खर्चाच्या हिशेबावर नव्हे, तर ठरीव रकमेच्या पद्धतीने मिळते. खर्चाच्या बाबींनुसार हिशेब देण्याची जुनी पद्धत मोठ्या भागीदारीसाठी २०२२ पासून बंद झाली असून, ठरलेली कामे ठरलेल्या दर्जाने पूर्ण झाली की नाहीत यावर रक्कम अवलंबून असते. त्यामुळे आधी कामांचा तपशील ठरवून, मग त्याला साजेशी रक्कम निवडावी. आधी ४,००,००० युरो डोळ्यांसमोर ठेवून कामे वाढवत नेलेला अर्ज परीक्षकाच्या लगेच लक्षात येतो. मोठ्या भागीदारीत काम ‘वर्क पॅकेज’ नावाच्या गटांत विभागायचे असते. प्रकल्प व्यवस्थापनाचा गट धरून असे पाच गट पुरेसे मानले जातात आणि व्यवस्थापनाचा वाटा एकूण रकमेच्या २० टक्क्यांहून अधिक असू शकत नाही. प्रत्येक गटाची उद्दिष्टे, अपेक्षित निष्पत्ती, जबाबदार भागीदार, वेळापत्रक आणि खर्चाचा वाटा लिहावा लागतो.

कागदपत्रे

अर्जासोबत अर्जदार संस्थेच्या कायदेशीर प्रतिनिधीने सही केलेले प्रतिज्ञापत्र जोडावे लागते. सही करणारी व्यक्ती संस्थेच्या वतीने करार करण्यास कायद्याने अधिकृत असली पाहिजे. प्रकल्पाची जबाबदारी सांभाळणाऱ्या शिक्षकाची सही येथे चालत नाही. प्रत्येक भागीदार संस्थेने समन्वयकाला दिलेले अधिकारपत्र अर्जासोबत, आणि उशिरात उशिरा अनुदान करारावर सही होण्यापूर्वी, हाती असावे लागते. दूरच्या नगरपालिकेची किंवा शिक्षण खात्याची सही मिळायला कित्येक आठवडे जातात, म्हणून हे काम सर्वांत आधी हाती घ्यावे. संस्था नोंदणीचे प्रमाणपत्र, कायदेशीर अस्तित्वाचा विहित नमुना आणि बँक खात्याचा तपशील नोंदणी प्रणालीत चढवावा लागतो. अनुदान ६०,००० युरोंपेक्षा जास्त असेल आणि संस्था सार्वजनिक नसेल, तर आर्थिक क्षमता दाखवण्यासाठी मागील पूर्ण झालेल्या आर्थिक वर्षाचा नफा-तोटा पत्रक व ताळेबंद द्यावा लागतो.

कोठे आणि कधी

शिक्षण, प्रशिक्षण व युवक क्षेत्रांतील अर्ज अर्जदार संस्थेच्या देशातील राष्ट्रीय एजन्सीकडे ऑनलाइन नमुन्यात जातो. काही देशांत क्षेत्रानुसार एजन्सी वेगळ्या आहेत. जर्मनीत चार आहेत. उदाहरणार्थ, तेथे उच्च शिक्षणाचे अर्ज डीएएडीकडे आणि शालेय शिक्षणाचे पीएडीकडे जातात. आयर्लंडमध्ये शाळांचे अर्ज डब्लिनमधील लेआरगस पाहते. क्रीडा क्षेत्रातील अर्ज, तसेच युरोपभर जाळे असलेल्या शिक्षण व युवक क्षेत्रांतील स्वयंसेवी संघटनांचे अर्ज, यांचा मार्ग वेगळा असून ते ब्रसेल्समधील युरोपीय आयोगाच्या कार्यकारी एजन्सीकडे जातात. एकाच भागीदार गटाने एकच प्रस्ताव दोन देशांच्या एजन्सींकडे पाठवू नये. असे अर्ज बाद होतात.

अलीकडच्या वर्षांत मुख्य मुदत ५ मार्चला ब्रसेल्सच्या वेळेनुसार दुपारी १२ वाजता, म्हणजे भारतीय वेळेनुसार दुपारी साडेचार वाजता संपते. मंजूर प्रकल्प त्याच वर्षी १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर या काळात सुरू होतात. त्या त्या वर्षाची कार्यक्रम पुस्तिका हाच अंतिम आधार मानावा आणि मागील वर्षाच्या पुस्तिकेवर विसंबून अर्ज भरू नये.

गुणदान

मोठ्या भागीदारीच्या अर्जाला १०० पैकी गुण मिळतात : सुसंगततेसाठी २५, आराखडा व अंमलबजावणीसाठी ३०, भागीदारीच्या दर्जासाठी २० आणि परिणामासाठी २५. निधीसाठी विचार होण्यास एकूण किमान ६० गुण आणि प्रत्येक निकषात किमान निम्मे गुण आवश्यक आहेत. म्हणजे उत्तम आराखडा असूनही परिणामाच्या भागात १२ गुण मिळाले तर अर्ज अपात्र ठरतो. हा परिणामाचा भाग बहुधा शेवटच्या रात्री लिहिला जातो आणि तेथेच चांगले अर्ज मागे पडतात. प्रकल्प संपल्यावर तयार झालेले साहित्य कोणते शिक्षक, कोणत्या वर्गांत वापरतील आणि मुलांमधील बदल कसा मोजला जाईल, याचे उत्तर त्या भागात हवे. तयार झालेले शैक्षणिक साहित्य सर्वांना मोफत उपलब्ध ठेवणेही बंधनकारक असते.

भारतातील संस्थांसाठी

भारतातील संस्था या दोन्ही प्रकारांत अर्जदार होऊ शकत नाही आणि लहान भागीदारीत भागीदारही होऊ शकत नाही. मोठ्या भागीदारीत तिला भागीदार म्हणून घेता येते, मात्र तीन पात्र देशांतील तीन संस्थांची अट तिला न मोजता पूर्ण व्हावी लागते. तिच्या सहभागामुळे प्रकल्पात अत्यावश्यक भर पडते, हे अर्जात पटवून द्यावे लागते; ते परीक्षकांना पटले नाही, तर त्या संस्थेला प्रकल्पातून वगळले जाते. बहुभाषिक वर्ग, स्थलांतरित मजुरांची मुले किंवा दुर्गम भागातील शाळा यांवर वर्षानुवर्षे काम केलेल्या महाराष्ट्रातील संस्थांकडे अशी भर घालण्याजोगा अनुभव निश्चितच आहे.

अनुदानाचा वाटा भारतात येणार असेल, तर स्वयंसेवी संस्थेला परदेशी योगदान नियमन कायदा, २०१० (एफसीआरए) लागू होतो. त्यासाठी एफसीआरए नोंदणी किंवा त्या विशिष्ट निधीपुरती पूर्वपरवानगी लागते आणि पैसे आधी नवी दिल्लीतील स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतील खात्यातच यावे लागतात. २०२० च्या दुरुस्तीनुसार प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो आणि मिळालेला निधी दुसऱ्या संस्थेला वळता करता येत नाही. त्यामुळे भारतातील काम स्थानिक शाळांना पैसे वाटून करण्याचा आराखडा मांडू नये. पूर्वपरवानगीसाठी देणाऱ्या संस्थेचे, रक्कम व हेतू नमूद केलेले हमीपत्र जोडावे लागते. मंजुरी कळणे आणि प्रकल्प सुरू होणे यांत काही महिन्यांचेच अंतर असते, म्हणून नोंदणी नसलेल्या संस्थेने आपल्या वाट्याची कामे पहिल्या महिन्यांत ठेवू नयेत आणि याची कल्पना समन्वयकाला अर्ज लिहितानाच द्यावी.