टर्पेंटाइन, ॲसिड, फायबर: कलाशाळेला हवी प्रयोगशाळेची शिस्त

टर्पेंटाइनचा फ्लॅश पॉइंट साधारण 35 अंश सेल्सिअस. म्हणजे या तापमानाला द्रवावर इतकी वाफ जमते की एका ठिणगीने भडका उडतो. ठाणे-नवी मुंबईत मे महिन्याच्या दुपारी वरच्या मजल्यावरच्या बंद स्टुडिओत पारा सहज तिथवर जातो. फायबरकामात काचतंतूंवर लावतात त्या रेझिनमधला स्टायरीन नावाचा द्रव तर 31-32 अंशांनाच त्या टप्प्यावर येतो. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत असे द्रव लेबल लावून, लोखंडी कपाटात, स्विचबोर्डपासून दूर ठेवतात. चित्रकलेच्या वर्गात मात्र ते पाण्याच्या जुन्या बाटलीत ईझलच्या पायाशी असतात. वास्तविक धोका इथेच जास्त, कारण विद्यार्थी त्या वाफेत दिवसभर बसतात आणि डबाही तिथेच खातात.

पहिला नियम लेबलचा. ज्या बाटलीवर नाव, तारीख आणि धोक्याची खूण नाही, ती वापरायची नाही. खाण्यापिण्याच्या बाटलीत रसायन ओतणं तर पूर्ण बंद.

जवसाच्या तेलाच्या चिंध्यांकडे कुणाचं फारसं लक्ष जात नाही. हे तेल पाण्यासारखं उडून सुकत नाही, हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन घट्ट होतं आणि त्यात उष्णता सुटते. चिंधी पसरलेली असेल तर उष्णता निघून जाते. बोळा करून कचऱ्याच्या डब्यात टाकली तर ती आतच कोंडते आणि काही तासांत, कुठलीही ठिणगी नसताना, चिंधी पेट घेऊ शकते. म्हणून झाकणाचा पत्र्याचा डबा, त्यात पाणी, आणि चिंध्या त्यात बुडवलेल्या. डबा रोज संध्याकाळी इमारतीबाहेर न्यावा.

एचिंगमध्ये, म्हणजे छापचित्रासाठी धातूचा पत्रा ट्रेमधल्या ॲसिडने कोरताना, तांब्यावर नायट्रिक ॲसिड टाकलं की तपकिरी धूर निघतो. तो नायट्रोजन डायऑक्साइड. याचा कावा असा की श्वासात गेल्यावर आधी थोडा खोकला येतो, मग बरं वाटतं, आणि काही तासांनी फुफ्फुसांत पाणी भरू लागतं. त्यामुळे धूर छातीत गेला असेल तर बरं वाटत असलं तरी त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं. भिंतीवर उंच बसवलेला एक्झॉस्ट पंखा इथे उपयोगाचा नाही. तो धूर ट्रेवरून उचलतो आणि वाकून काम करणाऱ्याच्या तोंडासमोरून नेतो. हवा ट्रेच्या मागून, ट्रेच्याच उंचीवर ओढली गेली पाहिजे. प्रयोगशाळेतल्या फ्यूम हूडच्या (धूर ओढून घेणाऱ्या कपाटाच्या) तोंडाशी हवेचा वेग सेकंदाला अर्ध्या मीटरच्या आसपास ठेवतात.

त्याहून उत्तम म्हणजे नायट्रिक बंदच करावं. तांब्यासाठी फेरिक क्लोराइडचं साधारण 40 टक्क्यांचं द्रावण चालतं, तपकिरी धूर नाही. तेही आम्लधर्मीच, तेव्हा चष्मा आणि हातमोजे हवेतच. जस्ताचा पत्रा मात्र त्यात बुडवू नये: द्रावण जोरात तापतं आणि हायड्रोजन सुटतो. जस्ताला मोरचूद आणि मीठ यांचं द्रावण पुरतं.

शिल्पकलेच्या विभागात सर्वांत जास्त जपायचं ते फायबरच्या तीन डब्यांना: रेझिन, ते लवकर घट्ट व्हावं म्हणून घालतात ते कोबाल्टचं द्रावण, आणि हार्डनर म्हणून वापरलं जाणारं एमईके पेरॉक्साइड. कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट मिसळले तर स्फोट होऊ शकतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, हार्डनर सर्वांत शेवटी. दोघांची कपाटं वेगळी आणि मोजायची भांडीही वेगळी. एक किलो रेझिनला हार्डनर 10 ते 20 ग्रॅम पुरतं. उन्हाळ्यात कमीच घ्यावं, नाहीतर मगमधलं रेझिन हातातच तापतं, तडकतं आणि धुरकटतं. उरलेलं रेझिन मगात न ठेवता पत्र्यावर पातळ पसरून घट्ट होऊ द्यावं. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी कायमची जाऊ शकते. म्हणून नळ दहा पावलांच्या आत हवा. किमान 15 मिनिटं डोळा धुवायचा आणि मगच दवाखाना.

मास्कवर भिस्त ठेवू नये. एन-95 धूळ अडवतो, त्यामुळे कोरडी रंगभुकटी किंवा चिकणमातीच्या धुळीला तो ठीक. टर्पेंटाइन आणि स्टायरीनची वाफ त्यातून सरळ आत जाते. तिथे सेंद्रिय वाफांचं काडतूस असलेला मास्क लागतो, आणि दाढी असेल तर तोही चेहऱ्याला नीट बसत नाही.

राहिला कचरा. वापरलेल्या फेरिक क्लोराइडमध्ये तांबं विरघळलेलं असतं आणि पाण्यातल्या शेवाळाला ते विषारी आहे. 2022 मध्ये रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) ठरलेल्या ठाणे खाडीत लहान रोहित पक्षी तेच सूक्ष्म शेवाळ खातात, त्यामुळे बेसिनमध्ये ओतणं बाद. वापरलेलं द्रावण मोठ्या बादलीत घेऊन त्यात धुण्याचा सोडा थोडा थोडा टाकत जायचं. फेस फार येतो, म्हणून बादली निम्मीच भरायची. आम्लता मोजणारी पीएच पट्टी 8 च्या आसपास आली की थांबायचं आणि गाळ रात्रभर बसू द्यायचा. गाळ लेबल लावलेल्या डब्यात भरून परवानाधारक वाहतूकदाराकडे सोपवायचा. तळोजा एमआयडीसीत घातक कचऱ्यावर प्रक्रिया करणारं केंद्र आहे. नायट्रिकचा कचरा आणि स्पिरिट किंवा टर्पेंटाइनचा कचरा एका कॅनमध्ये कधीच नको: आत वायू तयार होतो आणि झाकण घट्ट असेल तर कॅन फुटतो.