दीड मिनिटाची मुदत

जुन्या लॅपटॉपवर लिनक्स, म्हणजे विंडोजसारखीच एक संगणकप्रणाली, टाकून तो मी आईला दिला. पंधरा दिवसांनी तिचा फोन. "अरे, बंद हो म्हटलं तर काळ्या पडद्यावर हा आकडे मोजत बसलाय. दीड मिनिटातली बारा सेकंद झाली म्हणतोय. बटण दाबून धरू का?"

"नको, थांब जरा, आई."

मुदत संपली आणि लॅपटॉप निमूट बंद झाला. "उठायला घाई आणि झोपायला नखरे," आई म्हणाली. तिला फोनवर पटेल असं उत्तर मला देता आलं नाही, म्हणून हा लेख.

संगणक चालू होतो म्हणजे बरेच छोटे प्रोग्राम एकेक करून उठतात. कोणी नेटवर्क सांभाळतो, कोणी छपाई, कोणी आवाज. घडेल त्याची नोंद ठेवायलाही एक असतो, त्याला आपण नोंदवहीवाला म्हणू. लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, जागा झाला की वापरकर्त्याच्या बाजूचा एकच प्रोग्राम सुरू करतो. त्याचा क्रमांक १. बाकीच्यांना उठवायचं आणि शेवटी झोपवायचं, ही जबाबदारी त्याची.

सिस्टिम फाइव्ह युनिक्स या जुन्या संगणकप्रणालीपासून चालत आलेली रीत साधी होती : प्रत्येक सेवेला दोन आकडी नंबर. रेड हॅट कंपनीच्या जुन्या लिनक्समध्ये नेटवर्कचा नंबर १०, नोंदवहीवाल्याचा १२, दूरच्या संगणकावरून आत येऊ देणाऱ्या सेवेचा ५५. बंद करतानाचे नंबर वेगळे : नेटवर्क ९०, नोंदवहीवाला ८८. हे शंभरातून वजा केलेले आहेत, बघा. मांडव घालताना आधी खांब, मग कापड; उतरवताना आधी कापड, मग खांब. क्रम बरोबर, पण वेळखाऊ. ५५ नंबरवाल्याचा आधीच्या निम्म्या मंडळींशी काही संबंध नसला तरी त्यानं रांगेत उभं राहायचंच.

२०१० साली लेनर्ट पोटरिंग आणि काई सीव्हर्स यांनी सिस्टिमडी हा नव्या धर्तीचा क्रमांक १ आणला, आणि त्यातली एक युक्ती मला आजही इतकी आवडते की चारचौघांत ती सांगायला लागलो की लोक घड्याळ बघतात.

प्रश्न असा. छपाईवाल्याला नोंदवहीवाला आधी का हवा? त्याच्याकडे निरोप टाकता यावा म्हणून. मग खरी गरज कशाची? नोंदवहीवाल्याची, की निरोप टाकायच्या खिडकीची? गावातला दवाखाना आठवा. डॉक्टर दहाला येतात, पण कंपाउंडर नऊलाच दार उघडून नंबर देतो. पेशंट बाकावर बसतात, कोणी परत जात नाही. क्रमांक १ हाच कंपाउंडर. तो सगळ्या सेवांच्या खिडक्या, म्हणजे सॉकेट, आधी स्वतःच उघडतो आणि मग सगळ्यांना एकदमच हाक मारतो. छपाईवाला आधी उठला तरी निरोप टाकून मोकळा. तो निरोप कर्नलच्या बाकावर बसून राहतो. बाक भरला, तर निरोप टाकणारा तेवढ्यापुरता थांबतो. कोण कोणाच्या आधी, हे कागदावर मांडायची गरजच बरीच कमी होते. डॉक्टर मध्येच आजारी पडून बदली डॉक्टर आले, तरी बाकावरचे पेशंट तिथेच. नोंदवहीवाला कोसळून पुन्हा उठला तरी रांगेतले निरोप हरवत नाहीत, कारण खिडकी क्रमांक १च्या हातात असते.

आतली गंमत : उघडी खिडकी सेवेच्या हाती दिली जाते ती आकड्याच्या रूपात. ०, १, २ हे आकडे प्रत्येक प्रोग्रामच्या आवक, जावक आणि चुकांच्या मार्गांसाठी राखलेले, म्हणून वारशानं आलेली पहिली खिडकी ३ क्रमांकाची. कल्पना सर्वस्वी नवी नव्हती. ॲपलच्या संगणकांवरच्या क्रमांक १नं, म्हणजे लाँचडीनं, २००५ साली असंच केलं होतं, आणि सिस्टिमडीवाल्यांनी ते ऋण मान्य केलं आहे.

बंद करताना मात्र ही युक्ती कामाला येत नाही. तिथे क्रमच लागतो, आणि तो सेवेच्या माहितीच्या फाइलमध्ये लिहिलेल्या 'आफ्टर' या एका शब्दानं ठरतो. 'अ' हा 'ब'च्या आफ्टर असेल, तर बंद होताना 'अ' आधी. याच्या शेजारचा 'रिक्वायर्स' हा शब्द फक्त 'ब' हवा एवढंच सांगतो. आधी की नंतर, याबद्दल तो मुका. या दोघांची गल्लत भलेभले करतात. क्रम ठरला की प्रत्येकाला सिगटर्म हा इशारा जातो, म्हणजे आवरा आता. मूळ मुदत ९० सेकंद. तेवढ्यात न आवरणाऱ्याला सिगकिल. तो इशारा अडवता येत नाही.

बटण दाबून धरलं की सिगटर्म कोणालाच मिळत नाही, अर्धवट लिहिलेली फाइल तशीच राहते. आपल्याकडे विंडोजच्या पडद्यावर उजवी क्लिक करून पाचसहा वेळा 'रिफ्रेश' करायची प्रथा आहे. त्यानं फक्त पडद्यावरचं चित्र नव्यानं काढलं जातं. संगणकाला तरतरी येत नाही. ती निदान निरुपद्रवी आहे. बटण दाबून धरण्याची सवय तशी नाही.

आता आईच्या लॅपटॉपचा गुन्हेगार. तिचे फोटो माझ्याकडच्या संगणकावर पाठवणारा एक छोटा प्रोग्राम मीच लिहून ठेवला होता. सिगटर्म आला तरी हातातला फोटो पोचवूनच थांबायचं, असं मोठ्या शहाणपणानं त्याला शिकवलं होतं. मात्र तो नेटवर्कच्या 'आफ्टर' आहे, हे लिहायचं राहिलं. चालू होताना काही बिघडत नसे. नेटवर्क येईपर्यंत तो पुन्हापुन्हा प्रयत्न करी. बंद होताना वाय-फाय आधी जाई, आणि हा बिचारा फोटो हातात घेऊन दीड मिनिट उभा.

एक ओळ घातली. लॅपटॉप आता चटकन बंद होतो. आईला मी सांगितलं, अपडेट आलं होतं.