हाताला जमेल तसं व्हायोलिन

व्हायोलिनमध्ये दोन्ही हातांना सारखी वागणूक नाही. उजव्या हाताला गज पेलायचा असतो, तर डाव्या हाताच्या चार बोटांना तारेवर केसभरही न चुकता नेमकी जागा पकडायची असते. म्हणूनच कोणता हात अधू आहे, यावर पुढचा सगळा मार्ग ठरत आला आहे.

व्हायोलिनवादक रुडॉल्फ कोलिश (१८९६–१९७८) यांच्या डाव्या हाताच्या मधल्या बोटाचं टोक लहानपणीच्या अपघातात गेलं. एका बोटाची उणीव भागवत बसण्यापेक्षा त्यांनी हातच बदलले. गज डाव्या हातात घेतला आणि तारा उजव्या हातानं दाबायला ते शिकले. व्हिएन्नात ओटाकार शेवचिकसारख्या कडक गुरूकडे तालीम झाली. पुढे १९२७ मध्ये संगीतकार आल्बान बेर्गच्या ‘लिरिक स्वीट’ या रचनेचं पहिलं वादन त्यांच्याच चौकडीनं, म्हणजे चार तंतुवादकांच्या गटानं केलं, १९३५ मध्ये संगीतकार बार्टोकच्या चौकडीसाठीच्या पाचव्या रचनेचंही. ही मंडळी पुष्कळ रचना समोर कागद न ठेवता वाजवत, हे विशेष.

पण हात बदलणं म्हणजे नुसत्या तारा उलट्या क्रमानं चढवणं नव्हे. व्हायोलिन बाहेरून सममित दिसतं, आतून नसतं. तारा ज्यावर टेकतात त्या घोडीच्या जाड तारेकडच्या पायाखाली बेसबार नावाची लांब पट्टी चिकटवलेली असते आणि बारीक तारेकडच्या पायाजवळ साउंडपोस्टची काठी उभी असते. घोडीची कमानही एका बाजूला उंच असते. साउंडपोस्ट वाद्याच्या वरच्या पाटीतल्या फटीतून हलवता येतो. बेसबारची बाजू बदलायची तर वरची पाटीच उघडावी लागते. त्यामुळे खरं डावखुरं व्हायोलिन बहुधा नव्यानंच बनवून घेतात. वर ऑर्केस्ट्राची अडचण आहेच. सगळे गज एका दिशेला आणि एकच उलटा, म्हणजे शेजाऱ्याच्या कोपराशी टक्कर! डावखुऱ्यांनाही उजव्या पद्धतीनंच शिकवण्यामागे मला तरी संगीतापेक्षा ही शिस्तच जास्त दिसते.

एरवी व्हायोलिन धरण्याची ‘योग्य’ पद्धत कधीच एक नव्हती. १७५१ मध्ये व्हायोलिनवादक जेमिनियानी ते गळपट्टीच्या हाडाखाली टेकवायला सांगत होते. १८२० च्या सुमारास व्हायोलिनवादक लुई श्पोर यांनी हनुवटी टेकवायचा चिनरेस्ट आणला, विसाव्या शतकात खांद्यावर आधार देणारा शोल्डर रेस्ट रुळला, आणि वाद्य तोलून धरण्याचा भार डाव्या हातावरून बराच उतरला. आखडलेला अंगठा किंवा दुखरं मनगट असलेल्यांना याचा फायदा मोठा. करंगळी पोहोचत नसेल तर सात-अष्टमांश आकाराचं, म्हणजे नेहमीपेक्षा किंचित लहान वाद्य घेतात. स्वरांमधलं अंतर थोडं घटतं, पण तेवढंही पुरतं. नाहीतर बोटांचा क्रमच नव्यानं लिहून काढायचा.

उजव्या हाताची अडचण त्या मानानं सोपी ठरली आहे. वाद्याला हात न लावता गजापाशीच तोडगा काढता येतो. कॅनडाचे एड्रियन अनंतवन यांना जन्मतः उजवा पंजा नाही. त्या हाताला बांधलेल्या साधनात ते गज अडकवतात. काहींना मात्र वाद्य धरण्याची रीतच बदलावी लागते: हाडं ठिसूळ असलेल्या अमेरिकेच्या गेलिन ली व्हायोलिन चेलोसारखं समोर उभं धरतात.

व्हायोलिनवादक राइनहार्ट गोबेल यांचं प्रकरण मात्र वेगळं. डाव्या हाताची बोटं शाबूत होती, पण फोकल डिस्टोनिया या विकारामुळे ती मेंदूचा हुकूम नीट मानेनात. त्यांनीही कोलिश यांच्यासारखे हात बदलले आणि मुळापासून शिकून काही वर्षं तसं वाजवलं. पुढे व्हायोलिन बाजूला ठेवून ते ऑर्केस्ट्राच्या संचालनाकडे वळले.