प्रोसेसरचा इंटरप्ट कंट्रोलर आणि एका सेलचा वाद: पार्श्वभूमी

डिव्हाइस ट्री (पुढे नुसते ‘ट्री’) म्हणजे बोर्डावरील हार्डवेअरचे कर्नलला दिले जाणारे झाडासारखे वर्णन, आणि बाइंडिंग म्हणजे त्यात एखादे उपकरण कसे लिहायचे याचे नियम. प्रोसेसरच्या इंटरप्ट कंट्रोलरसाठी, म्हणजे उपकरणांचे ‘लक्ष द्या’ हे संकेत प्रोसेसरपर्यंत पोहोचवणाऱ्या भागासाठी, नवे बाइंडिंग लिनक्समध्ये परीक्षणाला आले की रजिस्टरांचे पत्ते, नोडचे (ट्रीमधील नोंदीचे) नाव, परवान्याची ओळ या गोष्टी एक-दोन फेऱ्यांत मार्गी लागतात. चर्चा रेंगाळते ती ‘#इंटरप्ट-सेल्स’ या प्रॉपर्टीवर. कंट्रोलरला जोडलेल्या प्रत्येक उपकरणाने आपली इंटरप्ट लाइन सांगताना ३२ बिटांचे किती आकडे, म्हणजे ‘सेल’, लिहायचे, एवढेच ती ठरवते. मात्र एकदा ट्री फर्मवेअरमध्ये भरून बोर्ड बाहेर पडला की हा आकडा बदलणे फार अवघड होते, कारण जुने ट्री नव्या कर्नलवर चाललेच पाहिजे असा दंडक आहे. रिस्क-फाइव्ह या खुल्या रचनेच्या प्रोसेसरांच्या बाबतीत ‘एक सेल की दोन’ हा प्रश्न २०१८ ते २०२२ या काळात कसा वळत गेला हे ठाऊक नसेल, तर आजच्या परीक्षकांचे काही आग्रह निव्वळ आडमुठे वाटण्याची शक्यता आहे.

मूळ कल्पना जुनी आहे. १९९४ मध्ये प्रमाणित झालेल्या ओपन फर्मवेअरमधून ट्रीची रचना आली, आणि इंटरप्टची जोडणी पत्त्यांच्या झाडाहून वेगळी असू शकते, म्हणून ती ‘इंटरप्ट-पेरेंट’ने स्वतंत्रपणे दाखवावी, ही मांडणीही त्याच परंपरेतली. २००५ च्या सुमारास पॉवरपीसीवरील लिनक्सने हे झाड सपाट करून एका बायनरीत बसवले आणि २०११ नंतर आर्मचे बोर्ड झपाट्याने त्याकडे वळले. त्या काळात बाइंडिंग म्हणजे साधी मजकुराची फाइल असे. ट्रीमधली चूक बोर्ड सुरू होईना तेव्हाच कळे. २०१९ पासून यॅमल या मांडणीत लिहिलेले, यंत्राला तपासता येणारे नियम, म्हणजे स्कीमा, रुळू लागले. राहून गेलेली प्रॉपर्टी, चुकलेले स्पेलिंग, मर्यादेबाहेरचा आकडा हे सारे आता यंत्र पकडते, बाइंडिंगमधले उदाहरणही कंपाइल होऊन तपासले जाते. माणसाच्या वाट्याला यंत्राला न कळणारा प्रश्न उरतो: लिहिलेली गोष्ट हार्डवेअरची आहे की एखाद्या ड्रायव्हरच्या सोयीची?

आर्मच्या जीआयसी या इंटरप्ट कंट्रोलरने तीन सेल घेतले होते. पहिल्यात लाइन सामाईक आहे की त्या-त्या प्रोसेसरची खाजगी, दुसऱ्यात क्रमांक, तिसऱ्यात ट्रिगरचा प्रकार, म्हणजे लाइन सतत धरलेल्या पातळीवर चालते की संकेत बदलण्याच्या क्षणावर, म्हणजे कडेवर. सामाईक लाइनींचे हार्डवेअरमधील क्रमांक ३२ पासून सुरू होतात, पण ट्रीमध्ये त्या ० पासून मोजल्या जातात. म्हणजे कंट्रोलरच्या हिशेबाने ७७ असलेली लाइन ट्रीमध्ये ४५ म्हणून लिहायची. ही वजाबाकी विसरून निदान एक दुपार वाया न घालवलेला माणूस या क्षेत्रात विरळा. तरीही ट्रिगरच्या प्रकाराला पहिल्यापासून जागा ठेवण्याचा निर्णय शहाणपणाचा होता, हे पुढच्या हकिगतीवरून दिसते.

रिस्क-फाइव्हची बाइंडिंग २०१८ मध्ये मुख्य कर्नलमध्ये येऊ लागली तेव्हा इंटरप्टचे दोन थर मांडले गेले. पहिला प्रत्येक हार्टच्या, म्हणजे सूचना स्वतंत्रपणे चालवणाऱ्या प्रोसेसर-एककाच्या, आतला, आणि येथे ‘इंटरप्ट कंट्रोलर’ हा शब्दच थोडा फसवा आहे. तो स्वतंत्र उपकरण नसून हार्टच्या कंट्रोल-स्टेटस रजिस्टरांमधील काही बिट आहेत. त्याला मेमरीत पत्ता नाही, म्हणून त्याचा नोड सीपीयूच्या नोडखाली बसवला जातो. सुपरवायझर पातळीवर, म्हणजे कर्नल चालतो त्या अधिकार-पातळीवर, सॉफ्टवेअर इंटरप्टचा क्रमांक १, टायमरचा ५ आणि बाहेरून येणाऱ्याचा ९. ट्रिगरच्या प्रकाराचा प्रश्नच येत नाही. त्यामुळे या थराला एक सेल पुरेसा आहे, याबद्दल दुमत नव्हते.

वाद दुसऱ्या थराचा, म्हणजे बाहेरच्या उपकरणांच्या लाइनी गोळा करून हार्टांकडे पाठवणाऱ्या पीएलआयसीचा, बोलण्यातल्या ‘प्लिक’चा. त्यालाही एकच सेल मिळाला: स्रोताचा क्रमांक, १ ते १०२३, कारण ० राखीव आहे. त्यामागचा युक्तिवाद दिसायला बिनतोड होता. प्लिकच्या रचनेत प्रत्येक स्रोतापुढे एक गेटवे असतो. लाइन पातळीवर चालणारी असो वा कडेवर, गेटवे तिचे रूपांतर एकसारख्या विनंतीत करतो, आणि त्याचे वर्तन चिप घडवतानाच ठरते. ट्रिगरचा प्रकार बदलण्यासाठी रजिस्टरच नसेल, तर ट्रीमध्ये तो लिहून ड्रायव्हरने करायचे काय?

या युक्तिवादात ‘ड्रायव्हरला काय लागते’ आणि ‘हार्डवेअर कसे आहे’ हे दोन प्रश्न एकमेकांत मिसळले होते. प्लिकच्याच तपशीलवार वर्णनात असेही म्हटले होते की कडेवर चालणाऱ्या स्रोताची एक विनंती पुढे गेल्यानंतर ती पूर्ण झाल्याची नोंद होईपर्यंत आलेल्या पुढच्या कडा गेटवेने सोडून द्याव्यात किंवा मोजून ठेवाव्यात, दोन्ही चालेल. पहिल्या प्रकारच्या चिप आल्या आणि अडचण उघडी पडली. ड्रायव्हर नेहमीच्या क्रमाने चालला, म्हणजे क्लेम रजिस्टर वाचून क्रमांक घेतला, हँडलर चालवला आणि शेवटी तोच क्रमांक परत लिहून काम पूर्ण झाल्याचे कळवले, तर मधल्या वेळेत आलेली कड कायमची हरवते. अशा लाइनीसाठी पूर्णतेची नोंद आधी करून मग हँडलर चालवावा लागतो. पातळीवर चालणाऱ्या लाइनीला मात्र हा उलटा क्रम मारक आहे, कारण उपकरणाने लाइन अजून खाली घेतलेली नसते आणि गेटवे लगेच नवी विनंती पाठवतो. थोडक्यात, कॉन्फिगर करण्यासारखे काही नसतानाही लाइन कोणत्या प्रकारची आहे हे ड्रायव्हरला कळणे भाग होते, आणि ते सांगायला ट्रीमध्ये जागा नव्हती.

२०२२ मध्ये तोडगा निघाला तो असा: ज्या दोन चिप-घराण्यांमध्ये हे वर्तन आहे, त्यांच्या ‘कम्पॅटिबल’ (नोडमध्ये उपकरणाची ओळख सांगणाऱ्या) नावांना दोन सेल, बाकी सर्वांना पूर्वीप्रमाणे एकच. स्कीमामध्ये तशी अट घातली गेली आणि ड्रायव्हर नावावरून ठरवू लागला की एक आकडा वाचायचा की दोन. समजा, सीरियल पोर्ट स्रोत ४ वर आहे. जुन्या पद्धतीत त्याच्या नोडमध्ये नुसते ४ येते, नव्या पद्धतीत ४ आणि ४, ज्यातला दुसरा चौकार ‘उच्च पातळी’चा संकेत आहे. (परीक्षणात असे शेजारशेजारचे आकडे डोळ्यांना फसवतात, म्हणून प्रकारासाठी आकड्याऐवजी मॅक्रोचे नाव लिहिण्याचा आग्रह धरला जातो, आणि तो रास्त आहे.)

दुसऱ्या सेलचा आणखी एक उपयोग लवकरच दिसला. याच घराण्यांतील काही चिपमध्ये बाजूची सारी उपकरणे तीच ठेवून प्रोसेसर मात्र एका आवृत्तीत आर्मचा, दुसरीत रिस्क-फाइव्हचा घातलेला आहे. उपकरणांचे वर्णन दोनदा लिहू नये म्हणून सामाईक फाइल केली गेली आणि क्रमांकासाठी एक मॅक्रो ठेवला गेला: आर्मच्या बाजूला त्याचे जीआयसीचे पहिले दोन सेल होतात, रिस्क-फाइव्हच्या बाजूला एका चिपमध्ये क्रमांकात १६ आणि दुसरीत ३२ मिळवले जातात. ट्रिगरचा सेल दोन्हीकडे शेवटी येतो, म्हणूनच ही युक्ती साधते. प्लिकला एकच सेल असता तर तिथे अडले असते. लाइन कोणत्या प्रकारची आहे हे तारेविषयीचे तथ्य असून ते ड्रायव्हरच्या गरजेवर अवलंबून नाही, याचा यापेक्षा चांगला पुरावा शोधणे कठीण.

प्लिकच्या नोडमध्ये हीच गाठ दुसऱ्या रूपातही आहे. प्लिक इंटरप्ट जिथे पाठवतो अशा प्रत्येक ठिकाणाला ‘संदर्भ’ म्हणतात, आणि कोणता संदर्भ कोणत्या हार्टच्या कोणत्या अधिकार-पातळीचा, हे नोडमधील जोडण्यांच्या यादीतील नुसत्या क्रमावरून ठरते. मशीन (सर्वोच्च अधिकाराच्या) पातळीचा संदर्भ कर्नलला वापरायचा नसला तरी त्याची जागा सोडता येत नाही. मग काही ट्रींमध्ये तेथे सर्व ३२ बिट १ असलेला आकडा घालतात, तर काहींमध्ये मशीन पातळीवरील बाह्य इंटरप्टचा खरा क्रमांक ११ लिहितात. दुसरी पद्धत हार्डवेअरशी प्रामाणिक आहे.

दरम्यान हार्टमधल्या थराचे बाइंडिंग सुमारे सहा वर्षे मजकुराच्या फाइलीतच पडून होते आणि त्याच्या नियमांची दुसरी प्रत सीपीयूच्या स्कीमामध्ये नांदत होती. २०२४ मध्ये ते स्वतंत्र स्कीमात आले व सीपीयूच्या बाजूला फक्त त्याचा उल्लेख उरला. त्याच वर्षी, प्रमाणित रजिस्टरांबाहेर स्वतःचे स्थानिक इंटरप्ट ठेवणाऱ्या एका प्रोसेसर-घराण्यासाठी वेगळे ‘कम्पॅटिबल’ नाव मान्य झाले, परंतु त्यामागे सर्वसाधारण नाव जोडण्याच्या अटीवर, म्हणजे नवे नाव न ओळखणारा कर्नलही मूलभूत इंटरप्ट चालवू शकतो.

प्लिकच्या पुढच्या पिढीची रचना २०२३ मध्ये मंजूर झाली. तिच्यातील लाइनी गोळा करणाऱ्या एप्लिकमध्ये प्रत्येक स्रोताचा प्रकार ठरवणारे रजिस्टर आहे, त्यामुळे त्याच्या बाइंडिंगला आरंभापासून दोन सेल आहेत. संदेशरूपाने येणारे इंटरप्ट स्वीकारणाऱ्या इम्सिकला तारच जोडलेली नसते, म्हणून तेथे सेलांची संख्या ० आहे.