सजावटी ओनिगिरी

सजावटी ओनिगिरी : चिकट भाताचे मीठ लावून वळलेले गोळे रंगवायचे, त्यांना नाक-डोळे, टोप्या, किमोनो चढवायचे आणि सणाला किंवा मुलांच्या मेजवानीला मांडायचे, अशी ही जपानी घरगुती पाककला. जपानीत तिला ‘देको-ओनिगिरी’ म्हणतात. ‘देको’ हे ‘डेकोरेशन’चे जपानी तोंडी झालेले आखूड रूप. ‘ओनिगिरी’ हा शब्द ‘निगिरु’ (मुठीत दाबणे) या क्रियापदापासून, तर त्याच पदार्थाचे ‘ओमुसुबी’ हे दुसरे नाव ‘मुसुबु’ (बांधणे) यापासून आले. सुशीशी याची गल्लत होते. पण सुशीच्या भातात व्हिनेगर असते, ओनिगिरीच्या भाताला मिठाखेरीज काही लागत नाही.

भात हाताने दाबून बरोबर नेण्याची रीत जपानमध्ये फार जुनी आहे. इशिकावा प्रांतात १९८७ साली यायोई काळातला, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा, जळून कोळसा झालेला भाताचा गोळा उत्खननात सापडला. हेइआन काळातल्या (इ. स. ७९४ ते ११८५) दरबारी मेजवान्यांत सेवकांना ‘तोन्जिकी’ नावाचे अंडाकृती गोळे वाटले जात. म्हणजे मेजवानीशी याचे नाते नवे नाही, फक्त तेव्हा ते मानाच्या ताटातले नव्हते. नोरी, म्हणजे समुद्री शेवाळाचा वाळवलेला पातळ ताव, एदो काळात (१६०३ ते १८६८) आला आणि त्याने गोळ्याला काळी पट्टी दिली. पुढे नाक-डोळेही याच तावातून कापले जाऊ लागले. शुभप्रसंगी लाल चवळीसारखे दिसणारे अझुकी दाणे घालून शिजवलेल्या चिकट तांदळाचे, ‘सेकिहान’चे, गुलाबी गोळे करतात. रंगीत सणाच्या ओनिगिरीचे हे जुने रूप. नाक-डोळ्यांची सजावट मात्र अलीकडची आहे. डब्यातल्या जेवणाला कार्टूनचे रूप देणाऱ्या ‘क्याराबेन’च्या लाटेबरोबर ती २००० नंतरच्या काळात घरोघरी पसरली. घास चिऊचा, घास काऊचा म्हणत मुलाला भरवणाऱ्या कुणालाही तिच्यामागची धडपड लगेच कळेल.

सजावट टिकते ती भातामुळे. जपानी तांदूळ आखूड, गोलसर दाण्याचा असतो. त्यात अमायलोज हा स्टार्चचा प्रकार कमी असल्याने शिजल्यावर दाणे एकमेकांना धरून राहतात. बासमतीचा गोळा कितीही दाबला तरी सुटतो. भात ऊन असतानाच वळावा लागतो, निवल्यावर तो जुळत नाही. दाब किती द्यायचा हे खरे कसब. बुंदीचा लाडू वळताना कळ्या चिरडू नयेत इतकाच हात घट्ट ठेवतात, तसेच इथे. बाहेरून गोळा पक्का हवा आणि दाताखाली दाणा मोकळा व्हायला हवा. एरवीचा ओनिगिरी साधारण १०० ग्रॅमचा असतो. मेजवानीसाठी त्याच्या निम्म्याहून लहान करतात, कारण मुलांना एकापेक्षा जास्त गोळे उचलायचे असतात. जुन्या रीतीत ओल्या, मीठ लावलेल्या तळहातांवर वळत. आता बरेच जण प्लॅस्टिकच्या पातळ फिल्ममध्ये गुंडाळून वळतात आणि ते योग्यच आहे. हातावरच्या स्टॅफिलोकॉकस जीवाणूंचे विष एकदा भातात तयार झाले की गरम करूनही जात नाही. शिवाय एका रंगाचा हात दुसऱ्या रंगाला लागत नाही.

रंग खाण्याच्या जिनसांतूनच यावा, हा या कलेतला सर्वांत सुंदर नियम, कारण मग प्रत्येक रंगाला स्वतःची चव असते. चाळणीतून काढलेल्या उकडलेल्या बलकाने भात पिवळा होतो, केचपने तांबूस. ‘साकुरा देन्बु’ हा कॉड माशाचा गोडसर गुलाबी भुगा. जांभळ्यासाठी लाल शिसो या सुगंधी वनस्पतीच्या खारवून वाळवलेल्या पानांची पूड, हिरव्यासाठी आओनोरी शेवाळ, तपकिरीसाठी सोया सॉस लावलेला बोनितो माशाचा कीस. आत उमेबोशी (खारवून वाळवलेले जपानी आलुबुखार), सामन मासा किंवा मेयोनेझ घातलेला ट्यूना असतो. लहान मुलांसाठी उमेबोशी टाळतात. ती फार आंबट-खारट असते.

चेहऱ्यासाठी नोरी लहान कात्रीने किंवा पंचने कापून चिमट्याने ठेवतात. गरम भातावर नोरी ओलावा घेते आणि आक्रसते, मग हसरा चेहरा वाकडा होतो. म्हणून गोळा निवू देतात किंवा नोरी आधी चीजच्या कापावर चिकटवून त्यासह कापतात. कान, टोप्या, हात जोडायला कच्च्या स्पॅगेटीचे तुकडे खोचतात. भातातल्या ओलाव्याने ते मऊ होतात, त्यामुळे ते काढावे लागत नाहीत. डोळे थोडे खाली आणि एकमेकांपासून लांब ठेवले की चेहरा बाळसेदार दिसतो. रेषा जितक्या कमी तितका चेहरा बोलका. गर्दी केलेली ओनिगिरी जवळजवळ नेहमीच फसते.

३ मार्चच्या हिनामात्सुरीला, म्हणजे मुलींच्या बाहुल्यांच्या सणाला, राजा-राणीची जोडी करतात. अंड्याच्या पातळ पोळीचा किंवा हॅमचा किमोनो गोळ्याभोवती समोर घडी टाकून गुंडाळतात आणि लावीच्या उकडलेल्या अंड्याचे डोके बसवून नोरीचे केस लावतात. हिशिमोची या सणाच्या शंकरपाळ्याच्या आकाराच्या तांदळाच्या मिठाईचे गुलाबी, पांढरा आणि हिरवा हे तीन रंग भातातही आणले की ताट सणाचे दिसते. ५ मेच्या बालदिनाला कोइनोबोरी, म्हणजे कार्प माशांच्या पताकांच्या आकाराचे गोळे असतात आणि काकडीच्या चकत्यांचे खवले.

नाताळ जपानमध्ये सुटीचा दिवस नाही, तरी घरच्या मेजवानीचा नक्कीच आहे. पांढऱ्या भाताला हिममानव आयताच जमतो. एकावर एक दोन गोळे, गाजराचे नाक, माशाच्या लगद्यापासून केलेल्या, खेकड्याच्या चवीच्या लाल कांडीचा मफलर. सांतासाठी गोळ्याचा वरचा भाग केचपच्या भाताचा, दाढी पांढऱ्या भाताची. आओनोरीत घोळवलेला त्रिकोण म्हणजे झाड, त्यावर चीजचा तारा. हे सगळे गोळे ब्रोकोलीच्या तुऱ्यांसह गोल मांडले की ताटातच नाताळची माळ तयार होते.

महाराष्ट्रात हे करून पाहायचे तर इंद्रायणी तांदूळ हाताशी आहे. मावळात घेतला जाणारा हा तांदूळ मऊ आणि चिकट शिजतो. वाटीत दाबून मूद पाडायची सवय असलेल्या हाताला गोल आकार लगेच जमतो, त्रिकोणाला थोडा सराव लागतो. तयार गोळे फ्रीजमध्ये ठेवू नयेत. थंडीने भातातला स्टार्च कडक होतो आणि दाणे चरचरीत लागतात. फिल्ममध्ये गुंडाळून थंड जागी ठेवावेत आणि नोरीचे डोळे पाहुणे यायच्या जरा आधी लावावेत.