जंगलाखालचा बर्फ

सैबेरियात वणवे पेटले की दर उन्हाळ्यात एक वाक्य फिरू लागतं: 'पृथ्वीची फुप्फुसं जळताहेत.' रशियात सुमारे 81.5 कोटी हेक्टर जंगल आहे. जगातल्या एकूण जंगलाचा हा पाचवा हिस्सा, भारताच्या क्षेत्रफळाच्या जवळजवळ अडीचपट. एवढा आकडा ऐकला की ऑक्सिजनचं गणित लगेच पटतं. पण वाढ पूर्ण झालेलं जंगल जेवढा ऑक्सिजन सोडतं, जवळजवळ तेवढाच झाडांच्या श्वसनात आणि पालापाचोळा कुजवणाऱ्या बुरश्या-जिवाणूंकडून खर्ची पडतो. शिल्लक नगण्य. हवेतल्या 21 टक्के ऑक्सिजनला या वणव्यांनी धक्का लागत नाही. या जंगलाची खरी कामगिरी जमिनीखाली आहे.

रशियाच्या साठ टक्क्यांहून अधिक भूभागाखाली पर्माफ्रॉस्ट आहे. सलग दोन वर्षं किंवा त्याहून जास्त काळ शून्य अंशाखाली राहिलेल्या जमिनीला हे नाव देतात. प्रत्यक्षात ती हजारो वर्षं गोठलेली असते. पूर्व सैबेरियातल्या याकुत्स्क शहरात शेर्गिन नावाच्या व्यापाऱ्याने 1828 ते 1837 अशी नऊ वर्षं पाण्यासाठी विहीर खणली. 116 मीटर खाली गेला तरी जमीन गोठलेलीच.

याकुत्स्कला वर्षाला जेमतेम 240 मिलिमीटर पाऊस-बर्फ पडतो. आपल्या दुष्काळी माणदेशात याच्या जवळजवळ दुप्पट पाऊस होतो. तरीही तिथे शेकडो किलोमीटर सलग लार्च या सूचिपर्णी वृक्षाचं जंगल उभं आहे, कारण पाणी खाली मुरूच शकत नाही. उन्हाळ्यात जमिनीचा वरचा अर्धा ते दीड मीटर थर वितळतो, त्याला सक्रिय थर म्हणतात. त्याखाली गोठलेला तळ. वितळलेल्या बर्फाचं आणि पावसाचं पाणी या उथळ थरातच अडून राहतं, आणि लार्चची मुळंही खोल न जाता याच थरात आडवी पसरतात.

लार्च सूचिपर्णी असूनही पानझडी आहे. आपला साग उन्हाळ्याच्या तोंडावर पानं गाळतो ते पाणी वाचवायला. लार्च शरद ऋतूत सुया गाळतो तेही त्याचसाठी. गोठलेल्या मातीतून मुळांना पाणी ओढता येत नाही. अशा वेळी मार्च-एप्रिलच्या उन्हात हिरव्या सुयांमधून बाष्पोच्छ्वास चालू राहिला, तर झाड उभ्या उभ्या वाळेल. तैमिर द्वीपकल्पावर अरी-मास इथे, 72 अंश उत्तर अक्षांशाच्याही वर, हाच वृक्ष जंगल करून आहे.

थोडक्यात, बर्फ जंगलाला पाणी पुरवतो. आता उलट बाजू: जंगल बर्फाला कसं टिकवतं? सावली हे त्याचं अर्धंच उत्तर. उरलेलं काम करतं मॉस, म्हणजे पावसाळ्यात आपल्या भिंतींवर मखमलीसारखं उगवतं त्याचंच भाऊबंद. लार्चखाली त्याचा आणि अर्धवट कुजलेल्या पाल्याचा दहा-वीस सेंटिमीटर जाड थर असतो.

स्थिर हवेची उष्णतावाहकता सुमारे 0.025, पाण्याची 0.6 आणि बर्फाची 2.2 (एकक: वॉट प्रति मीटर प्रति केल्विन). उन्हाळ्यात मॉसचा वरचा भाग वाळतो आणि त्याच्या पोकळ्यांत हवा भरते. हवा उष्णता वाहून नेण्यात पाण्याच्या वीसपटीहून मागे, त्यामुळे वरून येणारी उष्णता तिथेच अडते. सप्टेंबरात पाऊस आणि दव पडून तेच मॉस पाण्याने भिजतं आणि पुढच्या काही आठवड्यांत ते पाणी गोठतं. पाण्याचा बर्फ झाला की वाहकता जवळजवळ चौपट होते. एकच थर उन्हाळ्यात उष्णतेला आत येऊ देत नाही आणि हिवाळ्यात मात्र बाहेर जायला वाट करून देतो. ही उष्णतेची एकतर्फी झडप! तिच्यामुळे खालच्या जमिनीचं वार्षिक सरासरी तापमान पृष्ठभागाच्या सरासरीपेक्षा एक-दोन अंशांनी कमी राहू शकतं, आणि पृष्ठभागाची सरासरी शून्याच्या किंचित वर गेली तरी खालचा बर्फ तग धरतो.

यात हिमाचा थर थोडा मोडता घालतो. भुसभुशीत हिमात हवा कोंडलेली असते, त्यामुळे थंडीची सुरुवात होता होताच जाड हिम साचलं तर जमिनीतली उष्णता बाहेर पडायला अडते आणि ती वर्षभर उबदार राहते.

हे संरक्षण किती मोलाचं, ते आकड्यांत पाहू. एक चौरस मीटर जमिनीचा अर्धा मीटर थर घ्या, त्यात घनफळाने 30 टक्के बर्फ धरा. म्हणजे 150 लिटर, वजनाने सुमारे 138 किलो. एक किलो बर्फ वितळायला 334 किलोज्यूल अप्रकट उष्मा लागतो, म्हणजे एकूण 46 मेगाज्यूल. जूनमधल्या दोन-तीन स्वच्छ दिवसांत एवढं ऊन त्या जागेवर पडतं. तरी तो थर वितळायला अख्खा उन्हाळा जातो. बाकीची उष्णता झाडांची छाया, बाष्पोच्छ्वास आणि मॉस यांनी वरच्या वर अडवलेली असते किंवा खर्च केलेली असते.

जंगल गेलं की काय होतं, हे वेर्खोयान्स्कजवळच्या बातागाय्का इथे दिसतं. 1960च्या दशकात तिथल्या उतारावरची झाडी तोडली. ऊन थेट जमिनीवर आलं, जमिनीच्या भेगांत साठलेले बर्फाचे पाचर वितळले आणि माती खचून घळ पडली. घळीच्या उघड्या कड्यावर पुन्हा ऊन पडतं, कडा वितळून ढासळतो आणि नवा कडा उघडा होतो. हे आता आपोआप चालू आहे. आज तो खड्डा जवळजवळ एक किलोमीटर रुंद आहे, वरचा कडा 50 मीटरहून उंच आहे आणि दरवर्षी सुमारे 10 लाख घनमीटर माती-बर्फ त्यातून निघून जातो. यूट्यूबवर याला 'नरकाचं द्वार' म्हणतात. सोबत गोठलेले विषाणू जागे होऊन साथ आणणार, अशी हूलही असते. 2014 साली ज्या तीस हजार वर्षं जुन्या विषाणूची बातमी झाली, तो अमीबाला लागण करतो, माणसाला नाही. भीती घालायचीच तर कार्बनची घाला: उत्तरेकडच्या पर्माफ्रॉस्टमध्ये 1,400 ते 1,600 अब्ज टन सेंद्रिय कार्बन आहे, आज वातावरणात असलेल्या कार्बनच्या दीडपटीहून अधिक. माती वितळली की जिवाणू तो कुजवून कार्बन डायऑक्साइड सोडतात, आणि पाणी साचलेल्या जागी मिथेन.

वणवा म्हणजे सर्वनाशच, असंही नाही. लार्चचं बी जाड मॉसवर रुजत नाही, त्याला उघडी माती लागते, त्यामुळे अधूनमधून लागणारी आग जंगलाला नवं करते. प्रश्न दोन आगींमधल्या अंतराचा आहे. मॉसचा थर पुन्हा जमायला दशकं लागतात, त्याआधीच दुसरी आग आली तर सक्रिय थर खोल होत जातो. म्हणून जळालेल्या जागी रोपं लावल्याच्या आकड्यांवर फार हुरळून जाऊ नये. रोप लावता येतं, मॉसचा गालिचा लावता येत नाही. आणि लार्चऐवजी सदाहरित सूचिपर्णी लावली, तर तिचा गडद माथा वसंतातलं ऊन शोषतो. निष्पर्ण लार्चखालचं पांढरं हिम ते बरंचसं परत फेकतं.

सक्रिय थर मोजायची पद्धत फारच साधी. एक सेंटिमीटर जाडीची पोलादी सळई हाताने जमिनीत खुपसायची, गोठलेल्या थराला टेकली की खूण करून बाहेर काढायची आणि खोली वाचायची. 100 मीटर बाजूच्या चौकोनात दर 10 मीटरवर, म्हणजे 121 ठिकाणी, उन्हाळा सरताना ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरात. दगडाला लागली तर शेजारी पुन्हा खुपसायची. खरी फसगत वेगळीच आहे. बर्फाने भरलेली जमीन वितळली की पृष्ठभागच खाली बसतो. सळई पृष्ठभागापासून मोजते, त्यामुळे दहा सेंटिमीटर बर्फ वितळून जमीन दहा सेंटिमीटर खचली, तर खोली गेल्या वर्षीएवढीच भरते आणि वहीत 'बदल नाही' अशी नोंद होते. हे टाळायला खोल गोठलेल्या थरात रोवलेल्या स्थिर खांबापासून पृष्ठभागाची पातळीही दरवर्षी मोजावी लागते.