आवाज थांबतात, पण लक्षात राहत नाही : स्किझोफ्रेनियातील रसायने, लहरी आणि वर्किंग मेमरी

स्किझोफ्रेनियाचा रुग्ण असलेल्या इंदूरच्या मराठी घरांतून एक तक्रार पुन्हा पुन्हा ऐकू येते. औषधे सुरू झाली की आवाज येणे थांबते, संशय निवळतो, झोप लागू लागते. पण पोहे, शेव आणि जिरावण आणायला पाठवलेला मुलगा नुसती शेव घेऊन परततो, आणि घरची मंडळी त्याला आळशी ठरवून मोकळी होतात. हा आळस नव्हे, आजाराचाच भाग आहे. तो उपचारांच्या कक्षेबाहेर का राहिला, हे या विषयाच्या इतिहासातून उलगडते.

जर्मन मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या आजाराचे वर्णन केले, तेव्हा बुद्धीचा अकाली ऱ्हास हेच त्यांनी त्याचे मुख्य लक्षण मानले होते. स्विस डॉक्टर ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९०८ मध्ये ‘स्किझोफ्रेनिया’ हे नाव दिले आणि विचारांची साखळी सैल पडण्यावर भर दिला. भास आणि भ्रम त्यांच्या लेखी दुय्यम होते. पुढे औषधे आली, आणि ती नेमकी या दुय्यम लक्षणांवर चालली, त्यामुळे संशोधनाचे लक्षही तिकडेच वळले.

त्या औषधांच्या कथेत एका भारतीय वनस्पतीला मोठे स्थान आहे. इंदूरच्या कृषी महाविद्यालयाने, म्हणजे जिथे अल्बर्ट हॉवर्ड यांनी कंपोस्टची प्रसिद्ध इंदूर पद्धत विकसित केली त्याच परिसरातील संस्थेने, सर्पगंधेचा ‘आरएस-१’ हा वाण दिला, हे आपल्याकडे शेतीबाहेर फार थोड्यांना ठाऊक असते. सर्पगंधेची मुळी उन्मादावर आणि वाढलेल्या रक्तदाबावर उपयोगी पडते, असे कोलकात्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये लिहिले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये त्या मुळीतून रेसर्पिन हे औषधी द्रव्य वेगळे काढण्यात आले, आणि त्याच वर्षी पॅरिसमध्ये देले आणि डेनिकर या मनोविकारतज्ज्ञांनी क्लोरप्रोमाझिन हे दुसरे औषध मनोरुग्णांवर वापरले. रेसर्पिनने रक्तदाब फार उतरत असे, काहींना उदासीनता येत असे, त्यामुळे मनोविकारांसाठी त्याचा वापर मागे पडला. पण प्रयोगशाळेत त्याने मोठी कामगिरी बजावली. स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी १९५७ मध्ये रेसर्पिन देऊन निपचित पडलेल्या सशांना एल-डोपा, म्हणजे शरीर ज्यापासून डोपामिन बनवते ते द्रव्य, टोचले आणि ते ससे पुन्हा हालचाल करू लागले. मेंदूत डोपामिनला, म्हणजे चेतापेशींमध्ये संदेश पोचवणाऱ्या या रसायनाला, स्वतःचे काम आहे, हे तेव्हापासून मान्य होऊ लागले. औषधाची प्रभावी मात्रा आणि डोपामिनच्या डी-२ ग्राहकांना (रिसेप्टर, म्हणजे पेशीवर रसायनाचा संदेश घेणाऱ्या जागा) चिकटण्याची त्याची क्षमता यांचा थेट मेळ बसतो, हे १९७५-७६ मध्ये टोरांटो आणि बाल्टिमोर येथील संशोधकांनी दाखवले, आणि डोपामिन जास्त झाल्याने हा आजार होतो, हा समज रूढ झाला.

स्मृतीचा शोध दरम्यान वेगळ्याच वाटेने चालला होता. १९७१ मध्ये माकडांच्या कपाळामागील प्रीफ्रंटल भागात अशा चेतापेशी सापडल्या, ज्या खूण डोळ्यांसमोरून नाहीशी झाल्यावरही, उत्तर देण्याची वेळ येईपर्यंत सक्रिय राहतात. काही क्षण मनात माहिती धरून तिच्यावर काम करण्याच्या या क्षमतेला वर्किंग मेमरी म्हणतात. तिला डोपामिन लागतेच, मात्र डी-१ ग्राहकांमार्फत, हे सावागुची आणि पॅट्रिशिया गोल्डमन-राकिच यांनी १९९१ मध्ये दाखवले. लगेच १९९२ मध्ये पार्क आणि होल्झमन यांनी रुग्णांना पडद्यावर एक ठिपका क्षणभर दाखवला, तो नाहीसा झाल्यावर काही सेकंद दुसऱ्या कामात गुंतवले आणि मग त्याची जागा विचारली. रुग्णांच्या चुका स्पष्टपणे जास्त निघाल्या. ठिपका डोळ्यांसमोर ठेवला की अडचण येत नसे. चुकत होते ते फक्त मनात धरून ठेवणे. मेंदूच्या खोल भागात डोपामिन जास्त आणि प्रीफ्रंटल भागात कमी, असे चित्र याच काळात पुढे आले. डी-२ अडवणाऱ्या गोळ्यांनी आवाज थांबतात पण यादी लक्षात राहत नाही, त्याचा मोठा खुलासा इथे मिळतो.

हान्स बेर्गर या मनोविकारतज्ज्ञाने १९२४ मध्ये माणसाच्या मेंदूतील विद्युत लहरी प्रथम नोंदवल्या आणि १९२९ मध्ये ते प्रसिद्ध केले. तरी स्किझोफ्रेनियाच्या संदर्भात या लहरींचे महत्त्व पटायला बराच काळ जावा लागला. काही क्षण माहिती मनात धरताना पेशींना एका लयीत ठेवणाऱ्या, साधारण ३० ते ८० हर्ट्झच्या (सेकंदाला तितक्या आवर्तनांच्या) गॅमा लहरी गाबा हे रसायन सोडणाऱ्या दमनकारी पेशींमुळे घडतात. या पेशी शेजारच्या शेकडो पेशींना एकाच वेळी थोपवतात आणि एकाच वेळी मोकळे सोडतात, जसा भजनात टाळांचा ठेका सगळ्यांना एकत्र धरतो. सेकंदाला ४० वेळा टिकटिक ऐकवली असता निरोगी मेंदू त्याच गतीने प्रतिसाद देतो. रुग्णांमध्ये हा प्रतिसाद क्षीण असतो, असे १९९९ मध्ये नोंदवले गेले. मरणोत्तर तपासणीत रुग्णांच्या प्रीफ्रंटल भागात गाबा तयार करणारे जीएडी-६७ हे एन्झाइम कमी आढळले होतेच. शिवाय ग्लुटामेट या पेशींना उत्तेजित करणाऱ्या रसायनाचे एनएमडीए नावाचे ग्राहक अडवणारे केटामिन हे भुलीचे औषध निरोगी स्वयंसेवकांना दिल्यावर त्यांच्यातही आजारासारखी लक्षणे आणि विचारांतील अडथळे तात्पुरते दिसले, हा १९९४ चा प्रयोग. त्यामुळे डोपामिन, गाबा आणि ग्लुटामेट ही आता एकाच जाळ्यातील दुव्यांप्रमाणे अभ्यासली जातात, आणि माझ्या मते गेल्या तीन दशकांतील हीच खरी प्रगती आहे.

उपचारांत मात्र ती अजून पुरेशी उतरलेली नाही. गाबावर काम करणाऱ्या एका औषधाने २००८ च्या छोट्या चाचणीत आशा दाखवली, पुढच्या मोठ्या चाचणीत ती टिकली नाही. डोपामिनऐवजी ॲसिटिलकोलीन या दुसऱ्या संदेशवाहक रसायनाच्या मस्करिनिक नावाच्या ग्राहकांवर चालणाऱ्या औषधाला अमेरिकेत सप्टेंबर २०२४ मध्ये मान्यता मिळाली. याच ॲसिटिलकोलीनशी आपल्याकडील डॉक्टरांच्या रोजच्या चिठ्ठीचा संबंध येतो : डी-२ अडवणाऱ्या औषधांमुळे येणारा हातांचा कंप आणि ताठरपणा कमी करण्यासाठी दिली जाणारी ट्रायहेक्सिफेनिडिलची गोळी ॲसिटिलकोलीन अडवते आणि स्मृती आणखी मंद करू शकते. ती स्वतःहून बंद करू नये. पण तिची गरज अजून आहे का, मात्रा कमी करता येईल का, हे इंदूरमधील बाणगंगेच्या सरकारी मानसिक रुग्णालयात असो वा खासगी दवाखान्यात, पुढच्या तपासणीच्या वेळी डॉक्टरांना अवश्य विचारावे. तोवर सामानाची यादी कागदावर लिहून द्यावी आणि एका वेळी एकच काम सांगावे.